चेस्टरचा ताल

लोरेटा विसोत्स्कीनं ब्रेक दाबला की गल्लीच्या टोकाची कुत्रीसुद्धा उठून बसत. विस्कॉन्सिनात हिवाळाभर रस्त्यावर पोत्यांनी मीठ ओततात, आणि वसंत येईपर्यंत गाड्यांचं खालचं अंग गंजून खरबरीत होतं. दरवर्षी मे महिन्यात तिचा नवरा चेस्टर गाडी जॅकवर चढवायचा, झिजले असतील तर ब्रेकचे पॅड बदलायचा, की वर्षभर बिनघोर. पण गेल्या थंडीच्या तोंडाशी चेस्टर गेला. गाडीला कोण सांगणार? ती आपली किंचाळत राहिली.

हे किंचाळणं एकदा फोनवरून शिकागोपर्यंत पोचलं आणि टॉडनं, म्हणजे तिच्या एकुलत्या एक लेकानं, ते बरोबर पकडलं.

"आई, तू गाडी चालवता चालवता फोन घेतेस?"

"चालवत नाही. थांबतेय. ऐकू नाही आलं?"

"ऐकू आलं म्हणूनच बोलतोय. बाबा होते तोवर ठीक होतं. आता तुझ्याच्यानं नाही व्हायचं हे सगळं. घर विक आणि इकडे ये. खालची खोली मी रंगवूनसुद्धा ठेवलीय."

खोली रंगवली होती हे ऐकून लोरेटाचं डोकंच फिरलं. विचारायच्या आधी रंग!

"ब्रेक मी बदलेन. माझ्या हातांनी. शनिवारी ये आणि बघ."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुझ्या खोलीत येऊन भिंती बघत बसेन."

"ठरलं," टॉड म्हणाला. तो तसा प्रेमळ पोरगा, पण पैज सोडणाऱ्यांतला नव्हे. ते तो आईकडूनच शिकला होता. फोन ठेवल्यावर लोरेटा स्वयंपाकघरात आली, समोरच्या सफरचंदाच्या झाडाकडे पाहिलं आणि आपण काय बोलून बसलो हे तिला नीट कळलं.

पण ती अगदीच कोरी नव्हती. चाळीस वर्षं तिनं चेस्टरला उजेडासाठी हातातली बॅटरी धरून दिली होती. बॅटरी धरणाऱ्या माणसाला शिव्या खूप बसतात, पण दिसतंही खूप. चाक काढण्यापासून चाक परत बसवण्यापर्यंत सगळं तिच्या डोळ्यांपुढे होतं. शेवटचा नट आवळला की मात्र ती आत पळायची, कारण सॉसेज तव्यावर टाकायची असत.

सॉसेज टाकणं भागच होतं. त्या गल्लीत अंगणात गाडी जॅकवर चढलेली दिसली की शेजारी आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन हजर. त्यांना खायला-प्यायला घालायचं काम गाडीवाल्याचं. बदल्यात ते सल्ले देणार, तेही ढिगानं. पण एक नियम होता: ज्याची गाडी त्यानं आपणहून पाना पुढे केल्याशिवाय कुणी बोट लावायचं नाही. नियम मोडला म्हणून दोन सख्ख्या भावांनी आठ वर्षं अबोला धरल्याचं उदाहरण त्याच गल्लीत होतं.

त्यामुळे शनिवारी लोरेटानं मागच्या चाकांना लाकडी ठोकळ्यांची उटी लावून पुढचं अंग वर उचललं, तेव्हा बर्नी आणि एल्रॉय खुर्च्या मांडून बसलेच होते. बर्नी कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला आणि बोलण्यातून कधीही न होणारा. एल्रॉय समोर राहायचा, लोरेटाच्या अंगणातून रस्त्याकडे जाणाऱ्या उताराच्या बरोबर तोंडाशी. त्यानं आपली रस्त्याकडेची टपालपेटी मोठ्या माशाच्या आकाराची केली होती आणि तिला दरवर्षी नवे खवले रंगवायचा. बायकोपेक्षा पेटीवर त्याचा जीव जास्त, असं त्याची बायकोच सांगायची.

पहिलं चाक सुटलं, पण आतला बोल्ट काही हलेना.

"तापव त्याला," बर्नी म्हणाला.

"तापवायचं कशाला? तेल घाल आणि जेवून ये," एल्रॉय म्हणाला.

"तुझ्या तेलानं तुझ्या फाटकाची बिजागरी तरी सुटली का?"

लोरेटानं दोघांचंही ऐकलं नाही. चेस्टरची लांब लोखंडी नळी तिनं पान्याच्या दांड्यावर चढवली, गाडीचा आधार घेतला आणि नळीवर चक्क उभी राहिली. 'कट्ट' असा आवाज आला. बोल्ट तुटला की सुटला?

"सुटला," लोरेटा खाली वाकून म्हणाली.

"तापला असता तर लवकर सुटला असता," बर्नी पुटपुटला.

मग तिचा हात बसला. पॅड धरणारा ब्रेकचा जबडा काढून तिनं तारेच्या हँगरनं वर टांगला, त्याच्या तेलाच्या नळीवर भार यायला नको म्हणून. जुने पॅड निघाले ते बिस्किटाएवढे पातळ. नव्या जाड पॅडना जागा व्हावी म्हणून जबड्यातलं पिस्टन तिनं शिकंज्यानं आवळत आवळत पार मागे दाबलं. चेस्टर इथं हमखास एक शिवी द्यायचा. तिनंही दिली, त्याच जागी, त्याच सुरात. दुपार होईतो दोन्ही चाकं परत चढली होती. तिच्या कोपरापर्यंत काळं झालं होतं आणि तिला इतका आनंद झाला होता की तिनं कपाळही त्याच हातानं पुसलं.

सॉसेज तिनं या वेळी आधीच भाजून ठेवली होती. ती पुढे केली तोच टॉडची काळी चकचकीत गाडी कोपऱ्यावर वळली. फाटकापाशी थांबताना ती बारीकशी कुरकुरली. बर्नीनं एल्रॉयकडे पाहिलं. एल्रॉयनं आकाशाकडे पाहिलं.

टॉडनं आईला मिठी मारली, आपल्या पांढऱ्या शर्टाकडे बघून उसासा टाकला आणि म्हणाला, "खरंच केलंस? बरं, दे किल्ली. मी चालवून बघतो."

"ज्यानं नट आवळला तो पहिला बसतो," बर्नी गुरकावला आणि त्यानं सॉसेजचा भला मोठा घास घेतला.

लोरेटा गाडीत बसली. "एल्रॉय, उटी काढ रे."

एल्रॉयनं उटी काढली. आता गाडी फक्त हँडब्रेकवर उभी होती, मागे सगळा उतार, आणि उताराच्या शेवटी दात विचकून बसलेला एल्रॉयचा मासा. लोरेटानं किल्ली फिरवली, हात हँडब्रेकवर ठेवला. आणि रेडिओ आपोआप सुरू झाला.

चेस्टरचं स्टेशन. शनिवार दुपारची पोल्का नाचाची गाणी, अकॉर्डियनची नुसती धमाल. तिचा हात तिथंच थांबला. दरवर्षी, शेवटचा नट आवळून झाला की, ती तव्यापाशी उभी असायची आणि खिडकीतून तो दिसायचा: गाडीत बसलेला, रेडिओ मोठ्यानं लावलेला, खांदे वरखाली, पायानं धबाधब ताल धरलेला. "म्हाताऱ्या, बसल्या बसल्या नाचतोस काय?" ती ओरडायची. तो नुसता डोळा मारायचा.

तिला त्याची अशी काही आठवण आली की तिचा पाय आपोआप पुढे गेला आणि तिनं त्याच्यासारखा ताल धरला. ब्रेकच्या पेडलवर, जसा तो धरायचा.

पेडल सरळ तळाला टेकलं. खाली काही नव्हतंच, निव्वळ पोकळी. आरशात बर्नी खुर्चीतून अर्धा उठला होता. डोळे वटारलेले, दोन्ही हात हवेत, आणि तोंड गच्च भरलेलं. सकाळपासून बडबडणाऱ्या माणसाला नेमकं आत्ताच बोलता येत नव्हतं!

तिनं पुन्हा दाबलं. या वेळी पेडलनं थोडं अडून पाहिलं. आणखी एकदा. आणखी एकदा. मागे दाबलेलं पिस्टन पुढे सरकत होतं, पॅडला येऊन टेकत होतं. गाण्याचं धृपद संपेपर्यंत पेडल दगडासारखं घट्ट झालं.

"ताल नव्हता होय रे तो," लोरेटा रेडिओला म्हणाली. "चाळीस वर्षं! आणि सांगितलं नाहीस."

ती हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आरशात बर्नी परत खुर्चीत बसला आणि घास गिळून छातीवर हात फिरवू लागला.

"आई, काय झालं? रडतेस का?" टॉडनं खिडकीत डोकं घातलं.

"तुझ्या बापाला शिव्या देतेय. बस."

तिनं हँडब्रेक सोडला. गाडी उतारावरून मागे निघाली, माशाच्या जबड्यापासून हातभर अंतरावर तिनं पेडल दाबलं, आणि गाडी थांबली. आवाज नाही, धक्का नाही. एल्रॉयनं डोळे उघडले. मग ती टेकडीखालच्या चौकापर्यंत गेली, तिथं थांबली, वळली, परत आली. एकाही कुत्र्यानं मान वर केली नाही. लोरेटा रस्ताभर मुद्दामच काही बोलली नाही. जिंकल्यावर गप्प बसण्यात जी मजा आहे ती बोलण्यात नाही.

"खोलीत मी पुस्तकं ठेवीन," अंगणात उतरल्यावर टॉड म्हणाला.

"नाताळात येईन की राहायला. चार दिवस." लोरेटानं पाना उचलला आणि त्याच्या गाडीकडे रोखला. "ती आण वर. कुरकुरतेय."

"माझी? छे."

"कुरकुरतेय," बर्नी आणि एल्रॉय एकदम म्हणाले.

टॉडनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग शर्टाच्या बाह्या वर सारल्या. लोरेटानं बॅटरी त्याच्या हातात दिली.

"नीट धर, हलवू नकोस. आणि शेवटचा नट आवळला की आत पळू नकोस. गाडीत माझ्या शेजारी येऊन बस."