समुद्रामागे बसलेले आबा

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. जुन्या वस्तूंनी कहाणी सांगताना आधी आपलं चार ओळींचं कौतुक करून घ्यायचं असतं. तसं कौतुक माझंही आहे. पण त्याच्या आधी मला एक कबुली द्यायची आहे, नाहीतर पुढचं काही सांगताच येणार नाही. मी एका बापाला त्याच्या मुलाच्या पाठीमागून पुसून टाकलं. तेव्हापासून कोणी माझं झाकण उघडलं, की मला तोंड लपवावंसं वाटतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला आठवत नाही. आठवते ती सांगलीच्या दुकानातली काच. बाहेर रिक्षा, दुचाक्या आणि हळदीची पोती घेऊन निघालेले टेम्पो. एके दिवशी दोघे जण दुकानात आले. एक पंचविशीतला तरुण, धनाजी. दुसरे त्याचे वडील, बिराप्पा. बिराप्पांच्या डोक्याला लाल पटका होता आणि खांद्यावर घोंगडी होती. वातानुकूलित दुकानात त्यांच्या अंगाला मेंढरांचा वास येत होता. बाकीची गिऱ्हाइकं जरा सरकून उभी राहिली. धनाजी मान खाली घालून माझी किंमत विचारत होता.

मला खोक्यातून बाहेर काढलं, तसा बिराप्पांनी कनवटीचा बटवा उघडला आणि चिमूटभर भंडारा माझ्यावर उधळला. दुकानदार ओरडलाच, "अहो काका, पावडर आत जाईल!"

"जाऊ द्या की," बिराप्पा म्हणाले. "द्येव आत बसला तर वाईट काय हाय?"

भंडारा म्हणजे देवाची हळद. ती माझ्या बिजागरीत जाऊन बसली. तो माझा पहिला सन्मान होता, पण तेव्हा मला त्याची किंमत कळली नाही.

धनाजीचं घर वडूजजवळच्या माळावर. घर म्हणायचं, पण ते भरायचं पावसाळ्यातच; एरवी तिथे आजी आणि शाळेसाठी मागे राहिलेली धाकटी बहीण राणी, एवढ्याच असायच्या. दिवाळी झाली, की बिराप्पा आणि त्यांची बायको धोंडुबाई घोड्यावर बिऱ्हाड लादून, मेंढरं हाकत कृष्णाकाठाकडे निघत. आज या रानात, उद्या त्या रानात. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत, रानाला खत मिळे, यांना धान्य मिळे. "आमी कुणाचं गडी न्हाई," बिराप्पा सांगत. "आमच्या पायाचं मालक आमीच."

धनाजी शिकला आणि त्याला एका परदेशी कंपनीचं काम मिळालं. ॲपमधल्या चुका शोधून काढायच्या. त्यासाठी ऑफिसात जावं लागत नव्हतं. मी हवा, नेट हवं, की झालं. मग आम्ही निघालो. गोकर्णला समुद्राकाठी, हिमाचलात लाकडी खोलीत, केरळात होडीवर. मित्रांनो, मी खोटं कशाला बोलू, ते दिवस लय भारी होते. हा शब्द मी बिराप्पांकडून उचलला आहे. धनाजी माझ्यासमोर बसून फोटो टाकायचा आणि खाली लिहायचा, 'भटकंती माझ्या रक्तातच आहे.' हजारो लोक वाहवा करायचे. ते रक्त आलं कुठून, हे मात्र त्याने कधी लिहिलं नाही.

गोकर्णला त्याने एकदा कापूस आणि स्पिरिट घेऊन माझ्या अंगावरचा भंडारा पुसून काढला. बिजागरीपाशी एक पिवळा डाग उरलाच. त्यावर त्याने डोंगराचं चित्र असलेलं स्टिकर चिकटवलं. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मी उलट फुशारलो. आता मी चारचौघांत शोभतो, असं मला वाटलं. माझ्या लाजेची सुरुवात तिथूनच झाली, असं मी आता समजतो.

मग तो फाल्गुनातला दिवस आला. मेंढरांचा तळ आष्ट्याला होता, आप्पासो नावाच्या बागायतदाराच्या तुटलेल्या उसाच्या रानात. धोंडुबाईंनी फोनवर फारच आग्रह धरला, म्हणून धनाजी चार दिवसांसाठी आला होता. नेमकी त्याच दिवशी त्याची ऑनलाइन सभा होती. 'कुठूनही काम करा' या विषयावर तो तीनशे मुलामुलींशी मराठीत बोलणार होता. वीज होती ती फक्त विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. तिथे एका पेटीवर मला ठेवलं.

तेवढ्यात बिराप्पा दारात आले. अंघोळ केलेली, धुतलेलं धोतर, नवा पटका. सकाळपासून मेंढरांकडे धोंडुबाईंना धाडून ते तयार होऊन बसले होते.

"धना, तुजं काम एकदा बगायचं हाय मला. लोकं इचारत्यात, पोरगा काय करतोय, तर मला सांगाया येत न्हाई."

धनाजी घुटमळला. मग म्हणाला, "बसा तिकडं मागं. पण बोलू नका, आबा."

बिराप्पा पालथ्या पाटीवर बसले. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. आयुष्यभर ते नुसतं बसायला म्हणून कुठे बसले नसतील. त्यांना मुलाचं काम बघायचं होतं, आणि त्या तीनशे लोकांनी आपल्यालाही बघावं, अशीही एक आशा होती. नाहीतर एवढा नवा पटका कोण बांधतं?

धनाजीने माझ्यावर एक बटण दाबलं. मागची भिंत, मोटार, वायरी सगळं गेलं आणि समुद्र आला. पुढचा माणूस ठेवायचा आणि मागचं झाकायचं, हे काम मला येतं. मी ते केलं. भिंतीबरोबर बिराप्पाही गेले.

त्यांना पडद्यावर धनाजी दिसत होता, स्वतः दिसत नव्हते. त्यांनी हळूच हात हलवून पाहिला. हाताच्या जागी लाट आली. त्यांनी पुन्हा हलवला. मी पुन्हा लाट दाखवली.

सभा रंगली होती. ती चालवणाऱ्या प्रियदर्शनी नावाच्या बाईंनी विचारलं, "धनाजी, असं फिरस्तं आयुष्य तुमच्या घरी आधी कोणी जगलं होतं का?"

बिराप्पा पुढे सरकले. कान टवकारून बसले होते ते.

"छे," धनाजी हसून म्हणाला. "आमच्यात गाव सोडणारा मीच पहिला."

बिराप्पा इतके पुढे झुकले, की माझा हिशेब चुकला. क्षणभर समुद्रावर एक लाल पटका आणि अर्धा चेहरा तरंगला.

"तुमच्या मागे कोणी आहे का?" बाईंनी विचारलं.

धनाजीच्या कपाळावर घाम आला. एवढ्या जवळून फक्त मलाच तो दिसला. "हां, ते... शेतावरचे गडी आहेत," तो म्हणाला.

मित्रांनो, त्या खोलीत मोटार बंद होती. तरी काही तरी थांबल्यासारखं वाटलं. बिराप्पा उठले. माझ्याकडे बघत त्यांनी हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "व्हय म्याडम. आप्पासोंचा गडी मी. चालू द्या तुमचं."

ते बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. बाहेर मेंढरं ओरडत होती. थोड्याच वेळात त्यांचा आवाज लांब लांब गेला. मुलाच्या बोलण्यात मेंढरांचा आवाज येऊ नये, म्हणून बिराप्पांनी कळप पार ओढ्यापलीकडे हाकलत नेला होता.

संध्याकाळी चुलीपाशी धोंडुबाईंनी विचारलं, "आवं, बगितलं का पोराचं काम?"

"बगितलं की," बिराप्पा म्हणाले. "लय चांगलं बोलतंय." मग भाकरी मोडता मोडता त्यांनी एकच विचारलं, "धना, मी हात हलिवला तवा पाणीच का रं दिसत हुतं?"

धनाजीने हातातला घास ताटात ठेवला. तो ताटावरून उठला. सकाळी तो गेला, आणि नवा लॅपटॉप घेऊन मला वडूजच्या घरी धाकट्या बहिणीसाठी, राणीसाठी, पाठवून दिलं. माझ्याकडे बघणं त्याला नको झालं असावं. मला त्याचा राग नाही. मालकाने बटण दाबलं आणि मी काम केलं, असं म्हणून मीही सुटू शकलो असतो. पण भंडारा माझ्याच बिजागरीत होता, आणि समुद्रही मीच दाखवला होता.

ज्येष्ठात मेंढरं घरी परतली. राणी माझ्यावर अभ्यास करते. एक दिवस तिने नखाने ते डोंगराचं स्टिकर खरवडून काढलं.

"आबा, ह्यो डाग कशाचा?"

बिराप्पांनी वाकून पाहिलं. "भंडारा हाय त्यो. ऱ्हाऊ दे."

राणीने त्यांना माझ्यासमोर बसवलं आणि माझ्यावरूनच धनाजीला व्हिडिओ कॉल लावला. या वेळी कुणी कुठलं बटण दाबलं नाही. मागे घराची भिंत होती, खुंटीला घोंगडी होती. बिराप्पांनी आधी मुलाकडे पाहिलंच नाही. त्यांनी घाबरत घाबरत हात वर केला आणि हलवला. पडद्यावर हात दिसला, बोटांवरच्या भेगांसकट.

"धना, दिसतोय का रं मी?"

"दिसताय, आबा," धनाजी म्हणाला. "सगळं दिसतंय." आणि त्याचं चित्र काळं झालं. थोड्या वेळाने नुसता आवाज आला, की नेट गेलं आहे.

मित्रांनो, मी म्हातारा झालो असलो तरी नेट गेलेलं मला कळतं. ते गेलं नव्हतं.

मला झटकून-पुसून ठेवा, चार्जिंगला नीट लावा, असं काही मी तुमच्याकडे मागत नाही. तुम्हीही उद्या माझ्यासारख्या एखाद्या लॅपटॉपसमोर बसून जगभर बोलाल. तेव्हा तुमच्या पाठीमागे नवा पटका बांधून कोणी बसलं असेल, तर आमच्यासारख्यांना त्यांना झाकायला लावू नका. सांगितलेलं आम्ही ऐकतो, आणि मग आम्हाला ते विसरता येत नाही.