पौडच्या गाडीतलं पहिलं नाव

“नाव न्हाई म्हनत्यात, ताई.”

खिडकीबाहेरच्या मुलीने हे दुसऱ्यांदा सांगितलं, तेही पहिल्याइतक्याच हळू. कल्पना ढमालेने चष्मा कपाळावर सरकवला. घोटावड्याच्या या कारखान्यात वाहतूक विभागाच्या खिडकीशी येणारी माणसं बहुधा भांडायला येतात. ही भांडत नव्हती.

“कोण म्हणतं?”

“डायवरकाका. सोमवारपास्नं. यादीत नाव न्हाई, चढू नको.”

“मग तू काय केलंस?”

“घरी गेले.”

“तिन्ही दिवस?”

“व्हय. आज जीपनं आले, तर कंत्राटदाराचा माणूस म्हनला, तीन खाडे झाले, तुझ्या जागी दुसरी घेतो. यादीची चूक आसंल तर हाफिसातनं लिहून आन. उद्या दुपारपत्तर.”

गौतमी वाळंज. पॅकिंग विभाग, पौडची गाडी, कामावर लागून पंधरा दिवस. कल्पनाने संगणकावर मूळ नोंदी उघडल्या. पौडच्या गाडीत बेचाळीस माणसं होती आणि अगदी वरच्या ओळीत गौतमीचं नाव होतं. नवीन माणसाचं नाव वर घालायची कल्पनाची जुनी सवय. मग तिने आजच्या गाडीची छापील यादी काढली. वरच्या ओळीत दुसरंच नाव. तिने शेवटपर्यंत बोट फिरवलं. गौतमी नव्हती.

“चूक तुझी नाही,” ती म्हणाली.

“ते मला म्हाईत हाय,” गौतमी म्हणाली. “लिहून देता का?”

“उद्या देते. आधी चूक कुठे आहे ते सापडू दे.”

“बरं.” मुलगी वळली, पुन्हा थांबली. “उद्या हितं गेटापाशी थांबू का घरी?”

“गेटापाशी थांब.”

यादी कल्पनाने केलेली नव्हती. कल्पनाने लिहिलेल्या प्रोग्रॅमने केली होती.

एकोणीस वर्षं ती चार गाड्यांच्या याद्या करत आली होती. आधी कार्बन घालून हाताने, नंतर संगणकावर टाइप करून. कोण रजेवर, कोणाची पाळी बदलली, कोण घर बदलून भुकूमला राहायला गेलं, हे सगळं पाहून रोज दुपारी चार कागद निघायचे. जानेवारीत कंपनीने सांगितलं, कारकुनांनी आठ आठवडे पायथन ही संगणकाची भाषा शिकावी आणि आपलं काम आपणच प्रोग्रॅममध्ये बसवावं. ज्यांना जमणार नाही त्यांची व्यवस्था गोदामात होईल. शेजारचं टेबल मार्चपासून रिकामं होतं.

कल्पना बारावी झालेली, वय त्रेचाळीस. वर्गात शिकवलेलं ती भुकूमच्या घरी वरच्या खोलीतल्या भाडेकरूला पुन्हा विचारायची. कौस्तुभ नागपूरचा, हिंजवडीत नोकरीला. रविवारी तो जिन्यावर बसून तिच्या चुका बघायचा. ओळीच्या शेवटी दोन टिंबं द्यायची राहिली, की प्रोग्रॅम बंद. आतली ओळ एक जागा मागेपुढे झाली, की बंद. एकदा तिने प्रवासात मोबाइलवर लिहून आणलेला सगळा मजकूर संगणकाने नाकारला. मोबाइलने तिची सरळ अवतरणचिन्हं परस्पर वळणदार करून टाकली होती. ते शोधायला दोन रविवार गेले. पुढे यादीतलं नऊ नंबरचं नाव दहा नंबरच्या खाली यायला लागलं, कारण आकडे तिने आकडे म्हणून नव्हे, अक्षरं म्हणून दिले होते.

या चुका तिला आवडू लागल्या होत्या. लाल अक्षरं येत, कितव्या ओळीत बिघडलं ते लिहिलेलं असे. “एवढं स्पष्ट तर आमचे साहेबपण सांगत नाहीत,” असं ती एकदा म्हणालीही होती.

ही चूक मात्र काहीच बोलली नव्हती. लाल अक्षर नाही, थांबणं नाही. सोमवारपासून चार याद्या रोज दहा सेकंदांत निघत होत्या, एक, दोन, तीन असे नीट क्रमांक घालून. पंधरा दिवस हे सुरळीत चाललं, तर प्रोग्रॅम कायम. नाही तर बाहेरून तयार व्यवस्था घ्यायची, असं व्यवस्थापक इंद्रजित साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. ती व्यवस्था आल्यावर खिडकीत कोणी बसायची गरज नव्हती.

दुपारी तिने उरलेल्या तीन गाड्यांच्या याद्या मूळ नोंदींशी लावून पाहिल्या. प्रत्येकीत एक माणूस कमी. तिन्ही माणसं जुनी. तिने एकाला फोन लावला.

“व्हय, न्हवतं नाव,” तो म्हणाला. “मी म्हनलं, मला वळखत न्हाईस का? आन् बसलो.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“बसाया मिळालं की, बाई. काय सांगायचं?”

बाकीच्या दोघांचंही तेच निघालं. तिघं ओळखीवर बसले होते. चौथीला पंधरा दिवसांत कोणी ओळखत नव्हतं. पौडच्या गाडीचे चालक हैबतराव कागदाला धरून चालणारे. विम्याचा नियम आल्यापासून यादीबाहेरच्या माणसाला ते पायरीवर पाय ठेवू देत नसत.

चूक सापडत नव्हती. कल्पनाने प्रोग्रॅमची पंचेचाळीस ओळींची प्रत पर्समध्ये घातली आणि साडेपाचला घरी आली.

ओसरीत सासूबाई, धोंडाबाई, इंद्रायणी तांदूळ मापत होत्या. कौस्तुभ गावी जायचा होता, आईसाठी न्यायला त्याने तांदूळ मागितला होता. तो पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी धरून उकिडवा बसला होता. कल्पना पायरीवर बसली आणि कागद उलगडला.

“चहा हाय चुलीवर,” धोंडाबाई म्हणाल्या.

“घेते, आत्या.”

“तोंड का उतरलंय?”

“एक माणूस हरवलंय कागदातनं.”

“कागदातनंच ना? मग सापडंल.” त्यांनी पायली भरली, वर हात फिरवून सारखी केली आणि पिशवीत रिकामी केली. “लाभ.” दुसरी भरली. “दोन.”

“आजी, एक कुठे गेला?” कौस्तुभने विचारलं.

“कुटं जातोय?”

“तुम्ही लाभ म्हणालात, मग डायरेक्ट दोन.”

“पैल्या मापाला एक म्हनत न्हाईत. लाभ म्हनायचं. तुमच्यात काय म्हनत्यात?”

“आमच्यात किलोचं पाकीट आणतात.”

“मग तुमचं तुमी बघा. तीन.”

“म्हणजे चार म्हणाल तेव्हा चारच भरतील ना? नाही तर माझी एक पायली जायची.”

“आरं, लाभ पिशवीतच गेला न्हवं? त्याला एक म्हनलं न्हाई म्हनून तो भाईर ऱ्हातोय व्हय?”

कल्पनाने चहाचा विचार सोडून दिला. तिचं बोट कागदावर सतराव्या ओळीशी थांबलं होतं. तिथे तिने संगणकाला सांगितलं होतं, एक नंबरच्या नावापासून सुरू कर आणि शेवटपर्यंत जा. संगणकाच्या मोजणीत मात्र पहिलं नाव एक नंबरचं नसतं. ते शून्य नंबरचं असतं. एकपासून सुरू केलं, की दुसऱ्या माणसापासून सुरुवात होते, आणि पहिला न बोलता मागे राहतो. हे वर्गात सांगितलं होतं. तिने वहीत लिहूनही घेतलं होतं, लाल पेनने, परीक्षेसाठी.

“कौस्तुभ, हे बघा.”

त्याने पिशवी न सोडता मान वाकवली. दोन ओळी वाचल्या आणि हसला.

“वहिनी, ही चूक माझ्याकडून पहिल्या नोकरीत झाली होती.”

“माणूस राहिला होता?”

“नाही. एक फोटो दिसत नव्हता वेबसाइटवर.”

“माझा माणूस राहिला,” कल्पना म्हणाली.

तो हसायचा थांबला. धोंडाबाईंनी चौथी पायली ओतली आणि वर एक ओंजळ टाकली.

शुक्रवारी सकाळी तिने एकाच्या जागी शून्य घातलं. बेचाळीस नावं आली. गौतमी वाळंज वर. उरलेल्या तीन याद्याही पुऱ्या निघाल्या. दुरुस्तीला अर्धं मिनिट लागलं.

चिठ्ठीला जास्त वेळ लागला. ‘छपाईत पहिली ओळ सुटल्यामुळे’ असं तिने लिहिलं. प्रिंटर जुना होता, सगळ्यांच्या तक्रारी होत्या, कोणी खोलात गेलं नसतं. गौतमीचं काम झालं असतं आणि पंधरा दिवसही सुरळीत मोजले गेले असते. तिने ते वाक्य दोनदा वाचलं. गेटाशी, सुरक्षारक्षकाच्या छपराबाहेर, गौतमी डबा धरून उभी होती. आठ वाजल्यापासून.

कल्पनाने कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं: ‘यादीच्या प्रोग्रॅममध्ये माझ्याकडून चूक झाली. प्रत्येक गाडीतलं पहिलं नाव सुटत होतं. कु. गौतमी वाळंज यांचे तीन दिवसांचे खाडे त्यामुळे झाले, ते धरू नयेत. चूक दुरुस्त केली आहे.’ खाली सही, तारीख.

इंद्रजित साहेबांनी चिठ्ठी उभ्याउभ्याच वाचली.

“कोणी पकडली चूक?”

“त्या मुलीने, सर. ती आली नसती तर कळलं नसतं.”

“आणि दुरुस्त?”

“मी.”

“पुन्हा होणार नाही कशावरून?”

याचं उत्तर तिने रात्रीच तयार ठेवलं होतं. “हाताने करायचे तेव्हा प्रत्येक यादीखाली एकूण लिहायचे. प्रोग्रॅममध्ये ते सोडलं होतं. आता टाकलंय. मूळ नोंदींशी आकडा जुळला नाही, तर यादी निघतच नाही. लाल अक्षरं येतात.”

साहेबांनी चिठ्ठीवर सही केली आणि ती परत दिली. “कंत्राटदाराकडे पाठवा. पंधरा दिवस सोमवारपासून नव्याने मोजू.”

“खिडकी…?”

“खिडकीचं काय? उघडी ठेवा. चूक सापडली ती खिडकीतच ना.”

बाहेर येऊन ती आपल्या खुर्चीत बसली. पाठ टेकवली. गेल्या आठ-नऊ महिन्यांत या खुर्चीला पाठ आहे हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

शनिवारी सकाळी सव्वासहाला ती पौडच्या एसटी स्टँडवर होती. भुकूमहून स्कूटी घेऊन आली होती, तशी यायची काही गरज नव्हती. रसवंतीच्या बंद गाड्यामागे ती उभी राहिली. कंपनीची गाडी लागली. हैबतराव खाली उतरले, यादीचा कागद दाराला टेकवून धरला. माणसं पुढे झाली. गौतमी सगळ्यांच्या मागे, जरा बाजूला थांबली.

“गौतमी वाळंज,” हैबतरावांनी वाचलं. “कोन?”

ती पुढे आली. लगेच चढली नाही. कागदाजवळ गेली, वरच्या ओळीखाली बोट ठेवलं आणि नाव सावकाश वाचून घेतलं. हैबतरावांनी कागद तिला नीट दिसेल असा धरला. त्यांनी घाई केली नाही.

“झालं वाचून?”

“झालं.”

“मग बस की.”

ती चढली. हैबतरावांनी खिशातलं पेन काढलं, नावापुढे खूण केली आणि स्वतःशीच म्हणाले, “लाभ.” मग पुढचं नाव वाचलं.

पौडच्या थांब्यावर सतरा माणसं होती. कल्पनाने सतरा खुणा होईपर्यंत वाट पाहिली. गाडी वळताना पहिल्या खिडकीत गौतमी दिसली, डबा मांडीवर, नजर समोर. कल्पना तिथे आहे हे तिला कळलं नाही.