आर्डिसचे सतरा प्रश्न

सिग्ने गेली त्या ऑक्टोबरात तळं अजून गोठायचं होतं. मिनेसोटाच्या उत्तरेला, स्टोनी बे गावाबाहेर ड्युएन क्विस्टचं मासेमारीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी विश्रामगृह होतं. आर्डिस हॉगनची एकुलती एक मुलगी सिग्ने तिथे स्वयंपाकाला होती. हंगामाच्या अखेरीस ती दोघं बेटावरच्या खोपटात उतरलेल्या पाहुण्यांना जेवण पोचवून परत निघाली, आणि वाटेत नाव उलटली. ड्युएन किनाऱ्याला लागला. सिग्ने दुसऱ्या दिवशी सापडली.

ड्युएनने चौकशीला आलेल्या शेरिफला सांगितलं ते एवढंच, की वारा सुटला, नाव भरली, ती गेली. नावेत बुडण्यापासून वाचवणारी जॅकेटं होती का, असं विचारल्यावर तो म्हणाला, नव्हती. शेरिफने अपघात अशी नोंद केली आणि प्रकरण मिटवलं.

आर्डिस शाळेची बस चालवायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ड्युएनला ती लहानपणापासून ओळखत होती. एकाच चर्चमध्ये दोघांचा बाप्तिस्मा झालेला. सिग्नेला त्याच्याकडे कामाला लावलं तेही तिनेच. दफनाच्या दिवशी चर्चच्या तळघरात बायका कॉफी ओतत होत्या, बटाट्याच्या पदार्थांची गरम भांडी टेबलावर मांडत होत्या. तिथे आर्डिस त्याच्याजवळ गेली आणि विचारलं, "ड्युएन, शेवटी ती काही बोलली का रे?" त्याने हातातला कप खाली ठेवला, कोट उचलला आणि जिना चढून निघून गेला. त्यानंतर तो चर्चला आला नाही. तिने फोन केले तर उचलायचा नाही. दुकानात समोरासमोर गाठ पडली की सामान तिथेच टाकून बाहेर पडायचा.

महिनाभर आर्डिस त्या एका गोष्टीवर कुढत राहिली. पहाटे बस तापवत ठेवून ती काळ्या काचेकडे बघत बसायची आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालायची. अखेर ती तालुक्याच्या गावी ग्रेचन वोल्ड नावाच्या वकीलबाईंकडे गेली. नुकसानभरपाई किती मिळेल याचा हिशेब त्या मांडायला लागल्या, तेव्हा आर्डिसने त्यांना थांबवलं.

"मला त्यातलं काही नको. त्याला बोलतं करता येईल का, तेवढं सांगा."

ग्रेचनबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, फौजदारीत माणूस गप्प राहू शकतो. दिवाणी दाव्यात मात्र आपण लेखी प्रश्न पाठवायचे आणि समोरच्याने शपथेवर उत्तरं द्यायची, महिन्याभरात. ती चुकवता येत नाहीत.

"मग दावा लावा," आर्डिस म्हणाली.

दावा लागला. ड्युएनच्या वकिलाने सगळे आरोप अमान्य आहेत असा ठरावीक जबाब दाखल केला. मग प्रश्न लिहायची वेळ आली. नावेचं वजन, इंजिनाची अवस्था, दारू घेतली होती का, असले प्रश्न ग्रेचनबाईंनी घातले. आर्डिसने आपले त्यात मिसळले. नाव भरायला लागली तेव्हा ती कुठे बसली होती? ती घाबरली होती का? पाण्यात पडल्यावर तुम्हाला ती किती वेळ दिसत होती? तिने कुणाला हाक मारली का? असे सगळे मिळून सतरा प्रश्न झाले. हे कायद्याला फारसे लागत नाहीत, असं ग्रेचनबाई म्हणाल्या खऱ्या, पण एकही प्रश्न काढला नाही.

महिना गेला, उत्तर आलं नाही. ग्रेचनबाईंनी स्मरणपत्र पाठवलं, त्यालाही उत्तर नाही. मग त्यांनी न्यायालयात अर्ज केला आणि न्यायाधीशांनी हुकूम काढला, की अमुक तारखेच्या आत उत्तरं द्या, नाही तर परिणाम भोगा. ती तारीखही उलटली. ड्युएनचा वकील न्यायालयापुढे येऊन म्हणाला, माझा अशील माझ्याशीही बोलत नाही, मला मोकळं करा. त्याला मोकळं करण्यात आलं.

गावात चर्चा सुरू झाली. सगळे म्हणायला लागले, म्हातारा आता हातची जागा घालवणार. कुणीतरी आर्डिसला म्हणालं, तुझं तर नशीबच म्हणायचं, आयतं जिंकशील. त्या दिवशी ती घरी येऊन तशीच बसून राहिली, स्वयंपाकाला हात लावला नाही.

शेवटची सुनावणी एप्रिलात झाली. प्रतिवादीची खुर्ची रिकामी होती. न्यायाधीश वयस्क बाई होत्या, सावकाश बोलणाऱ्या. प्रतिवादीने न्यायालयाचे हुकूम जाणूनबुजून डावलले, असं त्यांनी सांगितलं. म्हणून त्याचा जबाब रद्द करण्यात येत होता, आणि वादीने जे जे म्हटलं ते सगळं सिद्ध झालं असं धरलं जाणार होतं. त्याने नावेत जॅकेटं ठेवली नाहीत, वाऱ्याचा इशारा असताना नाव काढली, मृत्यू त्याच्या हलगर्जीपणामुळे झाला. आता ठरायची होती ती फक्त भरपाई.

ग्रेचनबाईंनी आर्डिसचा हात दाबला. आर्डिस उभी राहिली.

"आणि माझे प्रश्न?"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मिसेस हॉगन, आता त्यांची गरज उरली नाही. तुम्ही जिंकलात."

"मला गरज आहे, बाईसाहेब."

न्यायाधीशबाईंचा आवाज बदलला. त्या म्हणाल्या, "तुमच्या वकिलांनी मागितलं तर अवमान केला म्हणून मी त्याला तुरुंगात घालू शकते. पण तिथे बसूनही तो गप्पच राहिला, तर माझ्या हातात दुसरं काही नाही."

ग्रेचनबाई तसा अर्ज करायला तयार होत्या. आर्डिसने दोन दिवस द्या म्हणून सांगितलं आणि तिथून ती थेट ड्युएनकडे गेली.

तळ्यावरचा बर्फ काळा पडून कडेने सुटायला लागला होता. ड्युएन मागच्या ओसरीवर बसला होता. वाळला होता, दाढी वाढलेली. तिला पाहून तो उठला नाही आणि पळालाही नाही. आर्डिस समोरच्या बाकावर बसली.

"तुझी जागा जाणार आता," ती म्हणाली.

"जाऊ दे."

"एवढं सगळं घालवलंस. चार ओळी लिहिता आल्या नाहीत तुला?"

"लिहायला बसलो होतो. पुष्कळदा बसलो." तो तळ्याकडे बघत होता. "जॅकेटापाशी आलो की हात थांबायचा."

"नव्हतंच ना जॅकेट."

"एक होतं."

आर्डिसला आधी कळलंच नाही. मग तो सांगायला लागला, अडखळत, मध्ये मध्ये थांबत. सामान जास्त झालं म्हणून बाकीची जॅकेटं त्याने धक्क्यावरच काढून ठेवली होती. एक तेवढं बाकाखाली राहिलं होतं. इंजिन बंद पडलं, लाटा आत यायला लागल्या, तेव्हा सिग्नेने ते बाहेर ओढलं. ड्युएनला पोहता येत नाही हे तिला ठाऊक होतं. जन्मभर तळ्यावर काढला, पण पोहायला कधी शिकला नाही. यावरून ती त्याची नेहमी चेष्टा करायची.

"मी नको म्हणालो नाही, आर्डिस. एकदाही नाही. ती म्हणाली, हात वर कर. लहान पोराला कपडे घालतात तसं तिने मला ते घातलं. बोटं गारठली होती तिची, बक्कल लागेना. लागलं तेव्हा हसली. म्हणाली, आता बुडून दाखव." त्याने धक्क्याकडे बोट दाखवलं. "किनाऱ्याला लागल्यावर ते काढलं आणि धक्क्याखाली दडवलं. मग शेजाऱ्याचं दार ठोठावलं."

आर्डिसने बाकाची कड घट्ट धरली. त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. पण त्याआधी विचारायचं राहिलं होतं.

"हाक मारली का तिने?"

"पहिल्यांदा मला मारली. मी आहे म्हणालो. मग आवाज लांब गेला. मग ती तुझं नाव घेत होती. आई नाही, आर्डिस म्हणत होती. रागावल्यासारखी."

लहानपणी गर्दीत चुकली की सिग्ने आईला अशीच नावाने हाक मारायची. गर्दीत आया पुष्कळ असतात, आर्डिस एकच असते, असं म्हणायची. हे ड्युएनला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. आर्डिस ओणवी झाली आणि तिथेच, त्याच्यासमोर, मोठ्याने रडली. त्याने हात पुढे केला नाही. तिला तो चालला नसता, हे त्याला कळत होतं.

तिने तुरुंगाचा अर्ज करू दिला नाही. ग्रेचनबाईंना नुसतं म्हणाली, मला उत्तर मिळालं. ते नोंदवायचं का, असं त्यांनी विचारलं. आर्डिसने मान हलवली, नको.

उन्हाळ्यात जागा विकली गेली. ड्युएन शेजारच्या डाकोटात बहिणीकडे राहायला गेला. निकालाची प्रत आर्डिसने एकदाच वाचली. त्यातल्या नावेत एकही जॅकेट नव्हतं. सिग्नेचं नाव पहिल्या पानावर होतं, वयासकट. ती काय करून गेली, ते कुठेच नव्हतं. गावातले लोक रस्त्यात भेटले की म्हणायचे, न्याय झाला बाई. ती हो म्हणायची.

सप्टेंबरात शाळा उघडली. आर्डिस पुन्हा पहाटे बस तापवत ठेवून बसायला लागली. गेला हिवाळाभर त्या वेळेला ती ड्युएनला शिव्या घालत आली होती, आणि त्याच्याच जोरावर गाडीचा गिअर टाकत आली होती. आता तेही उरलं नव्हतं. इंजिन गुरगुरत राहायचं, काचेवरचं दव ओघळायचं, आणि ती हळू आवाजात पोरीलाच विचारायची, "का दिलंस गं? तुझ्या अंगावर का नाही ठेवलंस?"

उजाडायच्या आत ती डोळे पुसायची, दिवे लावायची आणि पहिल्या थांब्याकडे निघायची.