दट्ट्याला पाजलेलं तेल

अक्काचं पाखरू मुकं झालं, आणि तेही सख्ख्या भावाच्या हातून!

भाऊराया छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून गाणाऱ्या पाखरांच्या जुन्या डब्या जमवत होता. किल्ली देऊन खटका सरकवला की झाकण उघडायचं, अंगठ्याएवढं पाखरू उभं राहायचं आणि पंख फडफडवत गायचं. आत इवलासा भाता, एक शिटी, आणि शिटीत मागेपुढे सरकणारा दट्ट्या. सूर चढायचा-उतरायचा तो त्यानंच. अक्काची डबी वडिलांनी तिला दिलेली. "साफसूफ करून देतो," म्हणत यानं ती आठ दिवसांच्या बोलीवर मागून आणली आणि लाडानं दट्ट्यालाही तेल पाजलं. झालं! दट्ट्या चिकटला. पाखरू चोच हलवी, पण सूर एकच, उकळत्या किटलीसारखा.

आज आठवा दिवस.

"माझ्याकडे अशीच दुसरी डबी आहे," तो बायकोला हळूच म्हणाला. "तिचं यंत्र हिच्यात बसवलं तर?"

"खुशाल बसवा. वन्सं पन्नास वर्षं तेच गाणं ऐकताहेत, त्यांना काय कान नाहीत?"

तेवढ्यात बेल वाजली.

"माझं पाखरू कुठाय?" अक्कानं दारातूनच विचारलं.

भावानं डबी पुढे केली. "अक्का, मी घोळ घातलाय. दट्ट्याला तेल लावलं."

अक्कानं खटका सरकवला. किटली वाजली. तिचा चेहरा एवढासा झाला. मग ती कडाडली, "घोड्या, जन्मभर वॉर्डात काचेच्या सिरिंजा धुतल्या मी. दट्ट्याला तेल लावताना कधी पाहिलंस मला?"

"तू सुई काढलीस की मी डोळे मिटायचो."

नणंद-भावजय दोघी फिसकन हसल्या.

त्यानं शिटी सोडवून दिली. अक्कानं दट्ट्या चिमट्यात धरला, काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटात बुडवून नळी पुसली. एकदा नाही, आठदा. वाळायला ठेवली. भाऊ फुंकर मारायला वाकला तशी चापट बसली. "तोंडाची वाफ नको!"

सगळं जोडून किल्ली दिली. पाखरू क्षणभर घुटमळलं आणि असं गायलं, की तिघांचे हात आपसूक जुळले. अक्कानं पदरानं डोळे टिपले.

"आता खरं सांग, तुझ्या कपाटात मुकी किती आहेत?"

"पाच."

"आण इकडे. आणि तू, घोड्या, चहा टाक. तुझे हात तेवढ्याच कामाचे."