तिसऱ्या बल्लीखाली

"काका, हा टेकू घसरला तर आधी कोण मरेल? तुम्ही की आम्ही?"

प्रश्न वेदिकाचा नव्हताच. "विचारून दाखव, नाहीतर आठवडाभर आमची दप्तरं उचल," अशी पैज तिच्या मैत्रिणींनी, सृष्टी आणि साधनाने, लावली होती. वक्तृत्वात जिल्ह्यात दुसरी आल्यापासून वेदिका कुणाला म्हणून घाबरत नव्हती. ती सरळ पप्पांच्या दुकानात शिरली आणि विचारून मोकळी झाली.

गोटीराम मिस्त्री स्टुलावर उभा होता. तो खो खो हसला. "आधी मीच की! बरोबर खाली मीच उभा हाय." मग हातातल्या टेकूच्या लाकडी बल्लीवर थाप मारून म्हणाला, "पण बल्ली दगा देत नाय, पोरी. तिच्या पायाखालीच पोकळ असलं, तर ती बिचारी काय करील?"

दारातल्या दोघी फिदीफिदी हसत होत्या. वेदिकाचं हसू मात्र ओठातच विरलं.

चार दिवसांपूर्वी द्राक्षांचा ट्रक रिव्हर्स घेताना बिल्डिंगच्या कोपऱ्यातल्या कॉलमला धडकला होता. कॉलम गुडघाभर उंचीवर फुटला, वरच्या बीमला तडा गेला आणि वरची चार कुटुंबं नातेवाइकांकडे गेली. तळमजल्यावर वेदिकाच्या पप्पांचं, शेखरचं, फुलांचं दुकान. हरसूलहून आलेल्या गोटीरामने दोन दिवसांत त्या दुकानात निलगिरीच्या बल्ल्यांचं रानच उभं केलं होतं. खाली फळी, वर फळी, मध्ये बल्ली. आता बुडाशी पाचरी ठोकल्या की स्लॅबचं वजन बल्ल्यांवर येणार होतं. पाच वाजता इंजिनिअर बघून जाणार आणि वरची माणसं आपापल्या घरी परतणार. दुसऱ्या मजल्यावरच्या मालनबाई तर स्टोव्ह आणि वळकटी घेऊन दुपारपासूनच पायरीवर बसल्या होत्या.

आणि तिसरी बल्ली उभी होती टाकीवर.

वेदिका सातवीत असताना, दिवाळीच्या सुट्टीत, शटर ओढून घेऊन पप्पांनी ती खणली होती. मे महिन्यात झेंडू कोमेजतो, पाणी हाताशी हवं म्हणून. पुरुषभर खोल. वरून शहाबादी फरशी. सोसायटीला पत्ता नाही. "कुणाला बोलायचं नाही हं," पप्पा म्हणाले होते, आणि ती नव्हती बोलली.

आई बाहेर फुटपाथवर गजरे ओवत होती. वेदिकाने पप्पांना ओढतच तिथे आणलं.

"पप्पा, टाकी!"

"हळू बोल ना!" पप्पांनी मागे वळून पाहिलं. "खाली फळी टाकलीय त्याने."

"फळीची दोन्ही टोकं त्याच फरशीवर आहेत. मी बघून आलेय."

"अगं, हे कळलं तर ट्रक राहील बाजूला. शेखरनेच कॉलमच्या मुळाशी खड्डा खणला म्हणतील सगळे. दुकान उठवतील आपलं!"

"मग टाकीचं नका सांगू," आई दोरा तोडत म्हणाली. "नुसतं म्हणा, बल्ली जरा सरकव."

"आणि का म्हणून विचारलं तर?"

आईने गजरा मांडीवर ठेवला.

तेवढ्यात आतून ठोके सुरू झाले. गोटीरामने पाचरी ठोकायला घेतल्या होत्या. पहिल्या बल्लीचा आवाज भरीव आला, दुसरीचाही. कोपऱ्यावरून इंजिनिअरची स्कूटर वळली. मालनबाई वळकटी काखेत मारून उठल्या. "झालं का हो, शेखर? नेऊ का माझा स्टोव्ह वर?"

पप्पा नुसतेच हसले.

तिसऱ्या बल्लीवर पहिला ठोका बसला. आवाज वेगळाच आला, रिकाम्या पिंपावर मारल्यासारखा. रस्त्यावर कुणाच्या लक्षातही आलं नाही. वेदिकाने पप्पांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. म्हणजे त्यांनाही ऐकू आलं होतं.

तिने ओढणी कमरेला खोचली.

"मी गोटीरामकाकांना थांबवायला चाललेय," ती म्हणाली. "पप्पा, आई, टाकी आपली आहे हे मी त्यांना सांगणार. मालनबाईंसमोर सांगणार. मला काय मारायचं ते नंतर मारा."