पहिली पाळी गाडीतच

"पहिल्या पाळीत गाडीतून उतरायचंच नाही," कप्तान म्हणाला. "दार उघडलं की नवखे धावत सुटतात. पहिला उतरतो, तो मरतो. हे आधी डोक्यात बसव."

"बसवलं," ताई म्हणाली. "पुढे?"

ती त्याच्या खुर्चीमागे स्टुलावर बसली होती. इतक्या वर्षांत तिथे बसायची तिची ही पहिलीच वेळ. खाली रस्त्यावर टेम्पो उभा होता. तिची ट्रंक थोरल्या भावाने आणि टेम्पोवाल्याने धापा टाकत खाली नेऊन चढवलीही होती.

कप्तान म्हणजे तिचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटलेला, मऊ हातांचा, दाढी नीट राखलेला. आई गेल्यापासून तो हळूहळू घराबाहेर पडेनासा झाला होता. आधी त्याला बाजारात घाम फुटायचा, मग जिन्यात, मग दाराच्या कडीला हात लावतानाच. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, 'जरा मनावर घे' म्हणणारे नातेवाईकही झाले. शेवटी उरला तो एक जुना कॉम्प्युटर आणि त्यातला हा खेळ. सैनिकांची एक तुकडी, त्यांची एक चिलखती गाडी आणि अंधाऱ्या गावात लपलेला शत्रू. एक पाळी आपली, एक त्यांची. आता हा खेळ फारसा कोणी खेळत नाही. जे नव्याने शिकू बघतात, ते कुठून कुठून हेडफोनमधून याला विचारतात. 'कप्तान' हे नाव त्यांनी आदराने दिलेलं. थोरल्याने ते चिडवण्यासाठी उचललं आणि मग घरात तेच रुळलं.

"प्रत्येकाला एका पाळीत ठरावीक दम असतो," कप्तान पडद्यावर बोट ठेवून सांगत होता. "चाललं की दम जातो, मान वळवली तरी जातो. नवखे सगळा दम चालण्यात घालवतात. मग शत्रूची पाळी येते आणि हे उभे, नुसतेच, हातपाय गळून. थोडा राखून ठेवायचा."

"शत्रू मध्येच घुसला तर?"

"घुसत नाही. तू बटण दाबेपर्यंत समोरचा जागचा हलत नाही. वर्षभर बसून राहा. म्हणून तर बरं आहे."

ताईने घड्याळाकडे पाहिलं. तिच्या बाबतीत समोरचे थांबणारे नव्हते. ती एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. मालकाने दुसऱ्या गावात दुकान घेतलं होतं आणि ते तो तिच्या ताब्यात देत होता. वरच्या मजल्यावर राहायला खोली. आज संध्याकाळपर्यंत ती तिथे पोचायला हवी होती. थोरल्याच्या घरामागे एक रिकामी खोली होती आणि तिथे कप्तानला ठेवून घ्यायला तो तयार झाला होता, पण एका अटीवर. स्वतःच्या पायांनी खाली येऊन टेम्पोत बसायचं. "मी त्याला उचलून नेणार नाही. मागच्या वेळी त्याने असा टाहो फोडला की शेजारी पोलीस बोलवत होते. अर्धा तास थांबतो," असं सांगून तो खाली गेला होता.

"बरं, एखादा सैनिक अगदीच भित्रा निघाला तर?" ताईने विचारलं. "त्याचं काय करायचं?"

कप्तानने हेडफोन मानेवर सरकवला. "त्याच्या हातात बंदूक द्यायची नाही. बिथरला की आपल्याच माणसांवर झाडतो. ओझं द्यायचं. ओझं असलं की हात गुंतून राहतात. आणि खमक्या माणसाच्या मागे ठेवून थोडं थोडं पुढे न्यायचं."

"आणि तरी मागे राहिला?"

"मग गाडी न्यायची. गाडीत आहेत ते वाचले, बाहेरचा गेला धरायचं. नवखे त्याच्यासाठी मागे वळतात, आणि मग सगळेच जातात."

हे तो बाजारभाव वाचावेत तसं बोलला. मग जरा थांबून म्हणाला, "तू हे कशासाठी विचारतेयस ते कळतंय मला, ताई."

"मग माझं निम्मं काम झालं," ती उठली. "बंद कर तो. आणि उचल. तुझं ओझं तूच घ्यायचंस."

कॉम्प्युटरचं खोकं छातीशी धरून तो दाराबाहेर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. ताई एक पायरी खाली उभी राहिली, अशी की त्याला जिना दिसू नये, फक्त तिची पाठ दिसावी. पहिल्या वळणापर्यंत ते आले.

"पाळी संपली," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ताई थांबली. काच घासताना घाई केली की कडेचा टवका उडतो. थांबायचं कसं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

"दम किती आहे?"

"निम्मा. तुझा?"

"दम आहे. गुडघे संपलेत."

तो हसला. हसल्यावर पुढचं वळण सुटलं, मग त्याच्या पुढचंही. प्रत्येक वळणावर तो 'पाळी संपली' म्हणे आणि ती थांबे. शेवटच्या वळणावर खालचं दार दिसलं. दारातून उन्हाचा पट्टा आत आला होता आणि त्यापलीकडे टेम्पोच्या मागच्या बाजूला तिची ट्रंक दिसत होती. कप्तानने तिच्या खांद्यावरून ते सगळं पाहिलं. मागे फिरला नाही. एक पायरी उतरला. आणखी एक.

तेवढ्यात हॉर्न वाजला.

कप्तानचे हात उघडले. खोकं पायऱ्यापायऱ्यांवर आपटत खाली गेलं, त्याचं झाकण भिंतीला जाऊन लागलं. ताईने आधी खोक्याकडे पाहिलं. वर मान केली तेव्हा तिथे कोणी नव्हतं, फक्त वर पळणारी पावलं ऐकू येत होती.

थोरला आत आला. "अगं, मी नाही, टेम्पोवाल्याने वाजवला. मागे ट्रक अडकला होता..." खोकं दिसल्यावर त्याचा आवाज उतरला. मग तो म्हणाला, "आज नाही तर उद्या हेच होणार होतं. आता तू तरी चल. स्टँडवर सोडतो तुला."

"आणि हा?"

"मी येऊन बघेन की अधूनमधून."

थोरल्याचं मागचं अधूनमधून गेल्या उन्हाळ्यात झालं होतं. ताई काही बोलायच्या आत वरून हाक आली.

"ताई! गाडीत बस! मागे वळू नकोस!"

शेवटच्या शब्दाला आवाज फाटला. मग दार लागलं. खालची कडी, मग वरची. वरची कडी गंजलेली होती, दोन्ही हातांनी रेटावी लागायची. त्याने ती रेटली.

ताई टेम्पोपाशी गेली. चढायची पायरी उन्हाने तापली होती, तिच्यावर तिने एक पाय ठेवलासुद्धा. दुकानावरची ती खोली तिने एकदाच पाहिली होती. मालक खाली शटरशी खटपट करत असताना ती खोलीच्या मधोमध उभी राहिली होती आणि दोन्ही हात पसरून बघितले होते. ते कशालाच लागले नव्हते.

"दादा, माझी ट्रंक उतरव."

"डोकं फिरलंय का तुझं? मालकाला काय सांगशील?"

"खरं ते सांगेन."

"तो दुसरी बाई बघेल."

"बघेल," ताई म्हणाली आणि पाय खाली घेतला.

थोरल्याने टेम्पोवाल्याला खूण केली. दोघांनी ट्रंक फुटपाथवर आदळली. ती वर नेऊ का, असं त्याने विचारलं नाही. टेम्पो वळून दिसेनासा झाला तेव्हा ताईने झाकण खोक्यावर बसवलं आणि ते उचलून जिना चढू लागली. आत काहीतरी सुटं होऊन खुळखुळत होतं.

तिने दार वाजवलं.

"गाडी गेली?" आतून आवाज आला.

"गेली."

"मग हे कोण बोलतंय?"

"भूत. उघड आता, हात दुखतायत."

आतून पावलं दाराशी आली.

"नवखे असंच करतात," कप्तान म्हणाला. खालची कडी निघाली. वरचीला वेळ लागला.

त्याने खोकं तिच्या हातातून घेतलं, हलवून पाहिलं आणि भिंतीशी ठेवून दिलं.

"माझी ट्रंक खाली राहिलीय," ताई म्हणाली.

"खाली कुठे?"

"फुटपाथवर."

"दादाने आणली नाही वर?"

"रागावून गेला तो."

कप्तानने तिच्या खांद्यावरून जिन्याकडे पाहिलं. गळ्यातला घाम शर्टाच्या कॉलरने पुसला.

"जड आहे?"

"दोघांनी उचलायची आहे."

तो उंबऱ्यावर बसला, पाय आत घेऊन. ताई त्याच्या शेजारी टेकली. तिचे पाय बाहेर, जिन्याकडे. खालून कोणाच्या तरी स्कूटरचा आवाज आला आणि लांब गेला.

"पहिली पाळी इथेच काढू," कप्तान म्हणाला.

ताईने चपला काढल्या नाहीत.