टाळेबंदीतल्या डुलक्या

शिकागोजवळच्या गॅरी गावात टाळेबंदी कुणाला नवी नाही. पोलादाच्या कारखान्याला किती वेळा टाळं लागलं आणि किती वेळा निघालं, हे तिथली म्हातारी माणसं हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगतात. पण त्या उन्हाळ्यात संघांच्या मालकांनी टाळं ठोकलं ते चक्क बास्केटबॉलला. देशभरातल्या सगळ्या संघांच्या मैदानांना, व्यायामशाळांना, अगदी गुडघ्यावर ठेवायच्या बर्फाच्या फ्रिजांनासुद्धा. आणि ठोकलं तेही नेमकं त्या दिवशी, ज्या दिवशी ऑरिन टॉलिव्हरचा करार संपला.

ऑरिन म्हणजे दारातून आत येताना नमस्कार केल्यासारखा वाकणारा माणूस. तारुण्य सगळं या संघातून त्या संघात जाण्यात गेलेलं. एकानं दुसऱ्याला दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या गळ्यात मारला. एकदा तर विमानात चढला तेव्हा एका संघाचा होता आणि उतरला तेव्हा दुसऱ्याचा. मधे ढगात कधीतरी सौदा झाला. कुणी त्याला विचारलं नव्हतं. करार पुरता संपला की मात्र खेळाडू मोकळा होतो. मग त्यानं वाटेल त्या संघाशी बोलावं, पटलं तर सही करावी. ऑरिन असा मोकळा पहिल्यांदाच झाला होता, आणि त्याला हवं होतं एवढंच, की शेवटचा एक हंगाम गॅरी फर्नेसेस या गावच्या संघाकडून खेळावा. आपल्या गावात, आपल्या पलंगावर झोपून.

पण तो मोकळा झाला आणि बोलायला कुणी उरलंच नाही. मालकांचा हुकूम निघाला, की टाळं निघेपर्यंत संघाच्या कुठल्याही माणसानं कुठल्याही खेळाडूशी बोलायचं नाही. फोन नाही, चिठ्ठी नाही, दुसऱ्याच्या तोंडून निरोप नाही. बोलला त्याची नोकरी गेली.

आता फर्नेसेसचे उंच खेळाडूंचे प्रशिक्षक क्लीटस पेटवे हे ऑरिनचे सासरे होते, आणि बायको वारल्यापासून राहत होते ऑरिनच्याच घरात.

पहिल्याच रविवारी जेवणाच्या टेबलावर पंचाईत झाली. तळलेला मासा, कोलार्डची भाजी, मक्याचा पाव, सगळं मांडलेलं. क्लीटस मुलीला म्हणाले, "जेनिव्हा, मीठ कुणाकडे असेल त्यानं ते इकडे सरकवलं तर माझी हरकत नाही."

"डॅडी, ते तुमच्या जावयाच्या हाताशी आहे. त्यालाच मागा की."

"जावयाला मागीन गं. खेळाडूला कसं मागू?"

ऑरिन हसू दाबत म्हणाला, "जेनिव्हा, पॉप्सना सांग की…"

"मी कुणाला काही सांगणार नाही!" जेनिव्हानं मिठाची बाटली टेबलाच्या मधोमध आदळली. "निरोप्यालाही बंदी आहे म्हणे. दोघं अळणी खा."

आणि दोघं खरंच अळणी जेवले.

हसण्यासारखं होतं, पण ऑरिनला वेगळाच घोर लागला होता. टाळं उशिरा निघालं की संघांना माणसं पारखायला सवड नसते. धावपळीत भरती होते, तरणी पोरं आधी उचलली जातात, आणि गुडघ्यांना बर्फ बांधून हिंडणारा थोराड माणूस फळीवरच राहतो. "हा अजून खेळतो," असं कुणीतरी मालकाच्या कानात सांगायला हवं होतं. सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो समोर बसून अळणी मासा खात होता.

जेवणानंतर दोघं मागच्या अंगणात आपापल्या खुर्च्यांवर आडवे झाले. मिशिगन तळ्यावरून वारा येत होता, वाळूच्या टेकड्यांवरचं गवत सळसळत होतं. पलीकडच्या काठावर शिकागोच्या इमारती धुक्यात पेन्सिलीनं काढून अर्धवट पुसल्यासारख्या दिसत होत्या. आधी सासऱ्यांचा डोळा लागला, मग जावयाचा.

ऑरिननं डोळे उघडले तर तो तळ्यावर उभा होता. पाण्यावर मॅपलच्या फळ्या अंथरलेल्या, प्रत्येक फळी लाटेबरोबर खालीवर होत होती, आणि पावलाखाली ती मांजरासारखी गुरगुरत होती. बास्केट एका ढगाला टांगलेली. शिकागोच्या इमारती पाण्यातून चालत चालत जवळ येऊन प्रेक्षकांसारख्या गुडघे दुमडून बसल्या होत्या. आणि मध्यभागी क्लीटस, पंचविशीतले, डोक्यावर कारखान्याचं शिरस्त्राण, तोंडात शिट्टी.

"कोपर आत!" ते ओरडले. "बायकोच्या बापासमोर एवढं पसरून उभं राहायला लाज नाही वाटत?"

"पॉप्स! तुम्ही बोलताय माझ्याशी!"

"झोपेत बडबडायची सवयच आहे मला. जेनिव्हाच्या आईला विचार. पळ आता."

ऑरिन पळाला. गुडघे लोण्यासारखे सहज वळत होते. उडी मारली की खाली यायला बराच वेळ लागत होता, तेवढ्यात क्लीटस त्याला बारकावे समजावून सांगत होते. म्हातारपणी वेगानं नाही खेळायचं, समोरच्याला खांद्यानं ढकलत ढकलत हवी तिथे जागा करायची आणि तिथून चेंडू अलगद सोडायचा. चेंडू हातातून सुटला की ढगात जाई, कुठेतरी रेंगाळून परत येई, आणि येताना त्याला बगळ्याचं पीस चिकटलेलं असे.

जाग आली तेव्हा ऑरिनच्या चड्डीतून पाणी ठिबकत होतं. क्लीटस आपल्या शिट्टीतली वाळू झटकत होते. दोघांची नजरानजर झाली. मग दोघांनीही नियमाप्रमाणे तोंडं फिरवली.

हे रोज दुपारी होऊ लागलं. ज्यांना खोटं वाटत असेल त्यांनी शेजारच्या मिसेस वूडर्डना विचारावं, त्यांच्या दोरीवर ऑरिनच्या ओल्या चड्ड्या वाळत असायच्या.

जेनिव्हानं ही गोष्ट केस करायला गेली असताना पार्लरमध्ये सांगितली, फक्त एकीला. दुसऱ्या आठवड्यात अंगणात माणसं यायला लागली. ऑरिनसारखेच करार संपलेले, लटकलेले खेळाडू. टेक्सासहून, ओरेगॉनहून, घडीच्या खुर्च्या काखेत मारून आले. मागोमाग त्यांचे प्रशिक्षक आले, तेही शहाण्यासारखे कुंपणापलीकडे बसत, कुणाशी बोलत नसत. जेवण झालं की सगळं अंगण घोरायला लागे. पाय सगळ्यांचे खुर्चीबाहेर, शेजारच्या वाफ्यात.

"जेनिव्हा!" मिसेस वूडर्ड कुंपणावरून ओरडायच्या. "त्या लांबड्याचा बूट माझ्या टोमॅटोवर आहे!"

"हलवा की त्याला."

"हलवला तर उठेल ना! सामना चाललाय त्यांचा तिकडे. राहू दे, हाफ टाइमला सांगीन."

बातमी फर्नेसेसचे मालक मिस्टर हॉलिंग्ज यांच्यापर्यंत गेली. स्वप्नात बोलणं म्हणजे बोलणं धरायचं का, हे हुकूमनाम्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. म्हणून त्यांनी प्रेस्कॉट नावाचा वकील पाठवला. भर उन्हात कोट घालून आलेला माणूस. जेनिव्हानं त्याला लिंबाचं सरबत दिलं, वर पीच घालून भाजलेला गोड कॉब्लर दिला. "मी फक्त बघणार आहे," असं म्हणत म्हणत तो खुर्चीतच कलंडला. उठला तेव्हा बुटात पाणी आणि चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू.

"मला पंच केलं त्यांनी," तो जेनिव्हाला म्हणाला. "शाळेत मला कुणी कधी खेळायलाच घेतलं नव्हतं हो."

तरी वकील तो वकीलच. संध्याकाळी त्यानं मालकांना सगळं सांगितलं, आणि मालक आपली उशी घेऊन दुसऱ्या दुपारी स्वतः हजर झाले.

त्यांना घाई होती. भांडण एका मुद्द्यावर अडलं होतं. मालकांचं म्हणणं, करार संपला तरी खेळाडूनं मोकळं व्हायचं नाही. जुन्या संघाला वाटलं तर त्यानं ठेवून घ्यावा, वाटेल तितकी वर्षं. खेळाडूंची संघटना म्हणत होती, जमणार नाही. प्रत्येक संघातल्या खेळाडूंचा एक प्रतिनिधी शिकागोला जाऊन त्यावर हात वर करणार होता. मतं अगदी काठावर होती, आणि ऑरिनच्या जुन्या टल्सा संघातल्या खेळाडूंनी वयाचा मान म्हणून प्रतिनिधी नेमला होता तो ऑरिनलाच.

त्या दुपारी तळं आरशासारखं होतं. मिस्टर हॉलिंग्ज पाण्यावरून चालत आले, पायात चकचकीत बूट, आणि ज्या फळीवर पाय पडे ती गुरगुरायची थांबे. त्यांनी खिशातून एक कागद काढला. तो उलगडता उलगडता गलबताच्या शिडाएवढा झाला.

"एक हंगाम," ते गोड आवाजात म्हणाले. "गॅरी. तुझं घर, तुझी माणसं. टाळं निघेल त्या दिवशी पहिलं नाव तुझं. शिकागोला फक्त आमच्या बाजूनं हात वर कर."

शिडावर त्याला सगळं दिसत होतं. घराच्या प्रेक्षकांत जेनिव्हा पहिल्या रांगेत, सामना संपल्यावर पायी घरी येणं, रस्त्यात ओळखीच्यांचे आवाज. वाऱ्यानं शीड फुगलं की चित्रं हलत, जवळ येत. लेखणी हातात कधी आली ते त्याला कळलंच नाही. कारखान्यातल्या पहारीएवढी जड होती. त्यानं पॉप्सना शोधलं. ते दूर फळीच्या टोकाला उभे होते, शिट्टी तोंडात, पण फुंकत नव्हते. मग बघता बघता ते दिसेनासेच झाले.

ऑरिननं लेखणी टेकवली. तेवढ्यात सगळ्या तळ्याच्या तळातून हाक आली.

"ऑरिन! ए ऑरिन! ऊठ!"

लख्ख ऊन. क्लीटस त्याच्या खांद्याला गदागदा हलवत होते. सत्तरीला टेकलेले, घामेजलेले, जागे. अंगणभर माणसं डोळे चोळत उठत होती. प्रेस्कॉट तोंड उघडं टाकून बघत होता.

"सही करायची तर कर," क्लीटस म्हणाले, मोठ्यानं, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं. "तुझं घर, तुझा गुडघा, मी कोण अडवणार? पण जागा राहून कर, पोरा. झोपेत नको."

"क्लीटस!" मिस्टर हॉलिंग्ज उशी सावरत उठले. "तू खेळाडूशी बोललास. दिवसाढवळ्या!"

"बोललो."

"तुझी नोकरी गेली."

"गेली ना? बरं झालं. ऑरिन, पहिली गोष्ट, तू मीठ फार खातोस. दुसरी, तुझ्या गाडीचा पट्टा कधीपासून किरकिरतोय. तिसरी…"

"पॉप्स, जरा थांबा," ऑरिन म्हणाला. तो मालकांकडे वळला. "मिस्टर हॉलिंग्ज, मघाशी जे म्हणालात ते आता म्हणा. सगळ्यांसमोर."

मिस्टर हॉलिंग्जनी तोंड उघडलं. प्रेस्कॉटनं त्यांची बाही ओढली.

"साहेब, तुम्हालाही लागू आहे," तो कुजबुजला. "खेळाडूशी बोलायचं नाही. हुकूम तुमच्याच सहीचा आहे."

मालकांनी तोंड मिटलं. चेहरा बीटासारखा झाला. मग त्यांनी हळूच बोट उचललं आणि ऑरिनच्या खुर्चीकडे दाखवलं. पुन्हा झोप, एवढाच त्याचा अर्थ होता. शीड अजून तिथेच आहे, लेखणी तिथेच आहे, फक्त डोळे मिट.

अंगणात कुणी हललं नाही. टेक्सासचा पोरगेलासा खेळाडू, ज्याला अजून बरीच वर्षं खेळायचं होतं, तो ऑरिनच्या हातांकडे बघत होता. जेनिव्हा दारात उभी होती. घर तिचंही होतं, आणि हंगामभर नवरा घरात असणं म्हणजे काय हे तिलाच जास्त ठाऊक होतं.  ऑरिनच्या पापण्या जड होत्या. डोळे मिटले असते तर त्या क्षणी झोप लागली असती.

ऑरिन उठला आणि त्यानं खुर्चीची घडी घातली. ती भिंतीला टेकवली. मग सासऱ्यांच्या खुर्चीचीही घातली. एकेक करून बाकीचेही उठले, आणि अंगणभर खुर्च्या मिटल्याचे खटखट आवाज होत राहिले.

शिकागोत ऑरिनचा हात मालकांच्या बाजूनं वर गेला नाही. मुद्दा पडला. त्यानंतर टाळं आणखी रेंगाळलं, पानं गळली, तळ्याच्या काठाला बर्फाची झालर लागली. स्वप्नातलं मैदान पुन्हा कुणाला दिसलं नाही. कदाचित गोठलं असेल. शेवटी मालक त्या एका गोष्टीवर नमले, खेळाडूंनी इतर बरंच सोडून दिलं, आणि टाळं निघालं. मग जी झुंबड उडाली! सकाळी एकाची सही, दुपारी दुसऱ्याची. फर्नेसेसनी दोन तरणे गडी घेतले, आणि मिस्टर हॉलिंग्जनी ऑरिनचं नाव कुणी काढलं तरी खोली सोडून जायचं असं ठरवलं होतं. ऑरिननं त्या दोघांच्या भरतीची बातमी वर्तमानपत्रात वाचली. पेपर नीट घडी करून ठेवला आणि बराच वेळ खिडकीतून मैदानाच्या दिशेनं बघत बसला. 

दोन दिवसांनी जेवताना फोन वाजला. बॉइसीचा संघ होता. लांबचं, डोंगरातलं गाव.

"मिस्टर टॉलिव्हर, आमच्याकडे एक हंगाम खेळायला आवडेल का तुम्हाला?" पलीकडचा माणूस अदबीनं म्हणाला.

ऑरिन घास हातात धरून तसाच राहिला.

"पुन्हा विचारा बरं," तो म्हणाला.

"अं? आवडेल का तुम्हाला?"

"विचार करून सांगतो. संध्याकाळी."

त्यानं फोन ठेवला. जेनिव्हानं हातातलं फडकं त्याच्यावर फेकलं. "वेड लागलंय का? दुसरं कोण बोलावतंय तुला? हो म्हणायला काय झालं होतं?"

"म्हणणार आहे गं, म्हणणारच आहे. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलंय. संध्याकाळपर्यंत थांबू दे त्यांना जरा." त्यानं घास तोंडात टाकला आणि सावकाश, मिटक्या मारत चावला.

क्लीटस तोवर कपाटातून नकाशाचं पुस्तक काढून चष्मा शोधत होते. "बॉइसी, बॉइसी… हे बघ, इथे. बटाटे पिकतात म्हणे तिथे. आणि थंडी अशी, की गुडघ्याला बर्फ विकत घ्यायला नको. जेनिव्हा, माझा जाड कोट कुठे आहे?"

"तुम्हाला कुणी बोलावलंय, डॅडी?"

"कुणी नाही," क्लीटस पान उलटत म्हणाले. "मी मोकळाच आहे."

ऑरिननं घड्याळाकडे बघितलं. संध्याकाळ व्हायला अजून भरपूर वेळ होता. त्यानं आणखी एक मासा वाढून घेतला.